लंडन-पॅरिस, दारापासून दारापर्यंत

बाळ,

ताई आणि भाऊजी पुढच्या जूनमध्ये तुझ्याकडे येतायत आणि त्यांना तीन दिवस पॅरिस दाखवायचं तुझ्या मनात आहे, हे मामीकडून कळलं. फार बरं वाटलं. तू फोनवर शोधलं असशील तेव्हा तुला दोन आकडे मिळाले असतील: अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत आणि विमानाला सव्वा तास. दोन्ही बरोबर आहेत. पण एवढ्यावर विसंबून सकाळी अकराचं विमान आणि दुपारी दोनचं आयफेल टॉवरचं तिकीट काढलंस, तर टॉवरचं तिकीट वाया जाणार हे मी आत्ताच लिहून देतो. इतकी वर्षं लंडनमध्ये राहून, गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना त्या बाजूला रवाना करून एक गोष्ट पक्की कळली आहे. युरोपातली दोन शहरं जवळ असली की त्यांच्यातला प्रवास आकाशात थोडा आणि जमिनीवर फार होतो. जमिनीवरच्या त्या तासांचा हिशेब तिकिटावर छापलेला नसतो. तो तुला स्वतः मांडता यावा म्हणून सविस्तर लिहितोय. सवडीने वाच.

आधी अंतराचं बघू. हे एकदा हाताने काढून बघच, दहा मिनिटांचं काम आहे. लंडनचा अक्षांश साधारण ५१.५ अंश, पॅरिसचा ४८.८५. फरक २.६५ अंश. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे पॅरिस लंडनच्या २९५ किलोमीटर दक्षिणेला. रेखांशाचं गणित वेगळं. विषुववृत्तावर तो अंशही १११ किलोमीटरचा असतो, पण उत्तरेला सरकावं तसा आखडत जातो आणि या पट्ट्यात जेमतेम ७१ किलोमीटरचा उरतो. लंडन शून्य रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला, पॅरिस पूर्वेला २.३५ अंशांवर. म्हणजे फरक अडीच अंशांचा आणि पूर्व-पश्चिम अंतर १७७ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लाव: उत्तर येतं ३४४ किलोमीटर. एवढ्या छोट्या टप्प्यात पृथ्वीची गोलाई हिशेब बिघडवत नाही. असं स्वतः काढलं की नकाशा डोक्यात बसतो. पॅरिस आपल्या पूर्वेला आहे असं इथल्या बहुतेकांना वाटतं, खरं तर ते पूर्वेपेक्षा कितीतरी जास्त दक्षिणेला आहे.

हे सरळ रेषेतलं अंतर. ते मुंबई-गोव्यापेक्षा कमी आहे. मुंबई ते दाबोळी सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात भरतं. ताईला असं सांगितलंस की तिला लगेच अंदाज येईल. पण सरळ रेषेत कुणीच जात नाही. हीथ्रो ते शार्ल द गोल हे विमानतळ ते विमानतळ अंतर ३४८ किलोमीटर, रुळांवरून लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन ते पॅरिसचं गार द्यू नॉर स्टेशन ४९२ किलोमीटर, आणि मोटारीने खाडी ओलांडून साडेचारशेच्या पुढे. चारही आकडे खरे, आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा. सरळ अंतर फक्त विमानाच्या वेळेचा अंदाज बांधायला घ्यायचं. बसने जाणाऱ्याने ते पाहून काही ठरवलं तर पस्तावेल, कारण रात्रीची बस आठ-नऊ तास घेते.

विमानाच्या वेळेसाठी माझा एक आडाखा आहे, तो लिहून ठेव. सरळ अंतराला ८०० ने भागायचं, येतील ते तास, आणि त्यात ४० मिनिटं मिळवायची. लंडन-रोम सुमारे १४३० किलोमीटर: भागाकार पावणेदोन तासांच्या किंचित वर, अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे अडीच तास. वेळापत्रकातही जवळपास तेवढेच असतात. पॅरिस-माद्रिद १०५० किलोमीटर: दोन तास. लंडन-अथेन्स २४०० किलोमीटर: तीन तास चाळीस मिनिटं. जाताना वारं समोरून असेल, म्हणजे बहुधा पश्चिमेकडे निघालो असू, तर थोडं वाढव. त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणूनच मुंबईहून लंडनला येताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. लंडन-पॅरिससारख्या आखूड पल्ल्यात वाऱ्याची फिकीर करू नकोस.

पण याच पल्ल्यावर माझा आडाखा थोडा कमी पडतो. भागाकार सव्वीस मिनिटांचा, अधिक चाळीस, म्हणजे एक तास सहा मिनिटं व्हायला हवीत. छापलेली असतात पंचाहत्तर ते ऐंशी. वरची दहा-पंधरा मिनिटं कुठली? त्यासाठी तिकिटावरची वेळ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. विमान गेटवरून मागे ढकललं गेलं तिथून, ते पलीकडच्या गेटवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजलेला असतो. विमान कंपन्यांत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोला धावपट्ट्या फक्त दोन आणि त्या जवळपास पूर्ण भरलेल्या, त्यामुळे उड्डाणासाठी रांगेत उभं राहणं ठरलेलं. शार्ल द गोलला धावपट्ट्या चार, पण विमानतळाचा पसारा एवढा की उतरल्यावर विमान जमिनीवर दहा-दहा मिनिटं चालतच राहतं. प्रत्यक्ष हवेत आपण पाऊण तासाच्या आसपास असतो. चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं. परत येताना आणखी एक गोष्ट दिसेल. हीथ्रोभोवती चार ठिकाणी, बॉव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन हिल इथे, विमानांना एकावर एक थर करून घिरट्या घालायला लावतात आणि पाळीपाळीने खाली घेतात. ताई घाबरली तर तिला सांग की हे रोजचं आहे, काही बिघडलेलं नाही. कंपन्या हा सगळा वेळ धरूनच वेळापत्रक लावतात, म्हणून कधीकधी विमान वीस मिनिटं लवकरही पोहोचतं.

भाऊजींना इतिहास आवडतो, त्यांच्यासाठी एक सांगतो. या दोन शहरांमधली रोजची प्रवासी विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ ला सुरू झाली. ठरल्या वेळेला रोज सुटणारी, एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी अशी ती पहिली सेवा मानली जाते. विमान उडालं हाउन्स्लो हीथवरून, म्हणजे आज आपण जिथे भाजी आणि पीठ आणायला जातो त्या हाउन्स्लोच्या माळावरून, आणि उतरलं पॅरिसच्या ल बूर्जे इथे. एक प्रवासी, वर्तमानपत्रं, चामडं, शिकार केलेले पक्षी आणि डेव्हनची साय एवढा ऐवज होता. अडीच तास लागले. आज विमानाचा वेग चौपटीहून जास्त आहे, तरी घरापासून हॉटेलपर्यंतचा वेळ अडीच तासांत बसत नाही. का ते पुढे आकड्यांतच दाखवतो.

त्याआधी घड्याळ. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, कारण दोन्हीकडे घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी बदलतात. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या गावच्या असतात. म्हणून जाताना दहाला निघून बारा-वीसला पोहोचल्याचं दिसेल, आणि येताना एकला निघून एक-पंधरा-वीसला. तिकिटं शोधताना येण्याचं विमान पंधरा मिनिटांचं आणि जाण्याचं अडीच तासांचं आहे असं वाटू देऊ नकोस. प्रवासाचा काळ वेगळा लिहिलेला असतो, तोच बघ. भाऊजी मनगटावरचं घड्याळ वापरतात. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही, आणि परतीच्या दिवशी एका तासाने गाडी चुकू शकते. पॅरिसमध्ये पाऊल ठेवताच त्यांचं घड्याळ तू स्वतः पुढे कर.

खरं तर नकाशा पाहिला तर फ्रान्सचं घड्याळ लंडनबरोबर असायला हवं होतं, आणि १९४० पर्यंत ते तसंच होतं. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या तेव्हा त्यांनी बर्लिनची वेळ लावली. युद्ध संपलं, पण वेळ मागे गेली नाही. याचा तुझ्या बेताशी थेट संबंध आहे. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आयफेल टॉवरचे लुकलुकणारे दिवे अंधार पडल्यावरच लागतात. ते ताईला दाखवायचे असतील तर त्या दिवशी दुपारी दोन तास झोप काढायला लाव आणि हॉटेल टॉवरच्या बाजूचं किंवा थेट मेट्रो असलेलं घे. सत्तरीच्या माणसांना रात्री अकराला दोन गाड्या बदलून नेणं मला पटत नाही.

आता विमानतळ. तिकीट शोधताना शहराचं नाव टाकलं की सगळे विमानतळ एकत्र दिसतात, आणि सगळ्यात स्वस्त तिकीट बहुधा सगळ्यात लांबच्या विमानतळाचं असतं. लंडनच्या नावाने चालणारे सहा विमानतळ आहेत. हीथ्रो पश्चिमेला, भुयारी रेल्वेने शहराला जोडलेलं. सिटी विमानतळ शहराच्या पूर्व भागात, छोटं आणि सुटसुटीत. गॅटविक दक्षिणेला पंचेचाळीस किलोमीटरवर, ल्युटन उत्तरेला, स्टॅनस्टेड ईशान्येला साठीच्या आसपास, आणि साउथएंड तर थेट समुद्राकाठी. पॅरिसचंही तसंच. शार्ल द गोल ईशान्येला पंचवीस किलोमीटरवर. ऑर्ली दक्षिणेला, फक्त तेरा किलोमीटरवर, आणि जून २०२४ पासून मेट्रोची चौदा नंबरची लाइन थेट तिथपर्यंत जाते, त्यामुळे शहरात जायला मला आता ऑर्लीच जास्त सोयीचं वाटतं. तिसरं बोव्हे. त्याच्या नावात पॅरिस आहे, पण ते पॅरिसपासून ८५ किलोमीटरवर आहे आणि तिथून बसने सव्वा तास लागतो. युरोपात हे सगळीकडे सापडेल. फ्रँकफर्टच्या नावाने विकलेलं हान विमानतळ फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर आहे. म्हणून शहराचं नाव वाचून थांबू नकोस. विमानतळाचं नाव वाच आणि तिथून शहरात शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघ. रात्री साडेअकराला उतरणारं स्वस्त विमान टॅक्सीत सगळी बचत गमावतं.

आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाचं सांगतो. रोमहून स्टॅनस्टेडला उतरायचं आणि तीन तासांनी हीथ्रोहून मुंबईचं विमान, अशी दोन वेगवेगळी तिकिटं त्यांनी काढली होती. दोन्हीकडे लंडन लिहिलेलं. स्टॅनस्टेडहून हीथ्रो रस्ता मोकळा असला तरी बसने दीड तास. त्यात पासपोर्टची रांग, सामान, पुन्हा सामान देणं. मुंबईचं विमान गेलं, आणि तिकिटं स्वतंत्र असल्यामुळे कुणाचीच जबाबदारी नव्हती. एकाच तिकिटावर दोन विमानं असतील तर पहिलं उशिरा आलं तरी पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते. स्वतंत्र तिकिटांना ते संरक्षण नसतं. शिवाय मध्ये सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशाचा पूर्ण व्हिसा हवा. वडीलधाऱ्यांसाठी स्वतंत्र तिकिटं जोडायचीच असतील तर मध्ये एक रात्र ठेव. त्याहून कमी नको.

आता तुझाच हिशेब मांडू. तू ब्लूम्सबरीत राहतेस. दहाचं विमान हीथ्रोहून. रसेल स्क्वेअरहून पिकाडिली लाइनने तासभर, वर स्टेशनपर्यंतचं चालणं आणि गाडीची वाट पाहणं धरून पावणेसातला खोली सोडायची. आठला विमानतळावर. दहाला विमान, लंडनच्या अकरा-वीसला, म्हणजे पॅरिसच्या बारा-वीसला गेटवर. मग लांबच लांब चालणं, पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा. आपल्या पासपोर्टला युरोपीय लोकांची जलद रांग नाही. त्यातून ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. सगळं सुरळीत झालं तर सव्वाला बाहेर. मग आरईआर बी ही लोकल, चढण्या-उतरण्यासकट पाऊण-एक तास, आणि स्टेशनवरून हॉटेल. पॅरिसच्या घड्याळात दोन-चाळीस. लंडनच्या घड्याळात एक-चाळीस. पावणेसात ते एक-चाळीस, म्हणजे पाच मिनिटं कमी सात तास. त्यातलं हवेत पाऊण तास.

गाडीने कर. युरोस्टार सेंट पँक्रसहून सुटते, तुझ्या खोलीपासून सामान ओढत वीस मिनिटं. दहाची गाडी असेल तर सव्वाआठला निघ, म्हणजे दीड तास हाताशी राहतो. प्रवेशाचे दरवाजे सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद होतात, आणि एकदा बंद झाले की मिनिटाचीही सवलत नाही. इथली खरी सोय अशी की फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनलाच तपासतात, ठसेही तिथेच घेतात. गाडी दोन तास वीस मिनिटांत गार द्यू नॉरला लागते आणि तुम्ही फलाटावरून थेट रस्त्यावर. हॉटेल गाठायला लंडनच्या घड्याळात एक वाजेल. सव्वाआठ ते एक: पावणेपाच तास. विमानापेक्षा दोन तास वाचले, आणि त्या पावणेपाच तासांतले दोन तास वीस मिनिटं एकाच खुर्चीत बसून. ताईच्या गुडघ्यांसाठी मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते.

ही गाडी खाडीखालच्या बोगद्यातून जाते. तो सव्वापन्नास किलोमीटरहून थोडा लांब आहे, १९९४ साली सुरू झाला, आणि गाडी त्यात वीसेक मिनिटं असते. बोगद्यात समुद्र दिसेल म्हणून वाट पाहणारे असतात, त्यांना आधीच सांगावं: काळोखाशिवाय काही नाही. कॅलेजवळ उजेडात आलं की भाऊजींना खिडकीशी बसव. तिथून दक्षिणेला त्याच किनाऱ्यावर आर्डलो नावाचं गाव आहे. पॅरिसमध्ये १९०४ साली जन्मलेल्या जेआरडी टाटांच्या लहानपणच्या सुट्ट्या तिथे गेल्या, आणि लुई ब्लेरियोंचं घर त्यांच्या शेजारी होतं. हेच ब्लेरियो २५ जुलै १९०९ ला कॅलेजवळून उडाले आणि छत्तीस-सदतीस मिनिटांत डोव्हरला उतरले, विमानाने ही खाडी ओलांडणारे पहिले. त्यांची विमानं बघत वाढलेल्या मुलाने पुढे १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. भाऊजींनी उभी हयात टाटांच्या कारखान्यात काढली आहे, त्यांना हा मुलूख बघायलाच हवा.

विमान कधीच घेऊ नये असं मात्र माझं म्हणणं नाही. हाउन्स्लो किंवा साउथॉलला राहणाऱ्याला हीथ्रो हाताशी आहे, त्याचा हिशेब वेगळा येईल. पॅरिसहून पुढे दुसऱ्या विमानाने जायचं असेल आणि सगळं एकाच तिकिटावर असेल, तर विमानच बरं. गाडीचं तिकीट ऐनवेळी फार महाग होतं, तेव्हाही विमान परवडतं. म्हणून गाडीची तिकिटं काही महिने आधी काढ, बेत पक्का झाला की लगेच. दुसऱ्या शहरांसाठी माझी रेघ अशी: मध्यवस्तीतून मध्यवस्तीत गाडी चार तासांच्या आत पोहोचवत असेल तर गाडी, त्यापुढे विमान. पॅरिस-ब्रसेल्स, माद्रिद-बार्सिलोना, रोम-मिलान ही गाडीची. लंडन-रोम, पॅरिस-अथेन्स ही विमानाची. फ्रान्सने तर २०२३ पासून देशांतर्गत अशी काही विमानंच बंद केली, जिथे गाडी अडीच तासांत पोहोचवते. पॅरिसच्या ऑर्लीहून बोर्दो, नाँत आणि ल्योंला जाणारी.

ताई-भाऊजींच्या तिकिटाबद्दल एक सुचवतो आणि हे नीट विचारात घे. त्यांचं मुंबई-लंडन-मुंबई तिकीट काढू नकोस. येताना मुंबई-लंडन आणि जाताना पॅरिस-मुंबई असं एकाच आरक्षणात काढता येतं. दोन्ही शहरांना मुंबईहून थेट विमानं आहेत आणि अंतरही सारखंच, सात हजार किलोमीटरच्या आसपास. असं केलं की पॅरिसहून लंडनला परतण्याचा अख्खा दिवस वाचतो. तो दिवस त्यांना लूव्ह्रमध्ये किंवा सेनच्या काठावर बसून घालवता येईल. फक्त मोठं सामानही पॅरिसला न्यावं लागेल, आणि तिथेही गाडीच सोयीची. माणशी दोन बॅगा आणि एक हातातली चालते, वजन करत नाहीत, पण फलाटापर्यंत स्वतः ओढावी लागतात. स्वस्त विमानात त्याच बॅगांचे पैसे तिकिटापेक्षा जास्त होतात.

व्हिसे दोन लागतील, ब्रिटनचा वेगळा आणि फ्रान्सचा शेंगेन वेगळा. ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. ताई-भाऊजींनी शेंगेनचा अर्ज भारतातूनच करायचा, तू लंडनमधून. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत, म्हणून वाट बघू नका. तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा त्या अर्जाला लागतोच.

खाण्याचं सांगतो, कारण ताई काय काय घेऊन येईल ते मला माहीत आहे. ब्रिटनमधून किंवा भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप हे सगळं तुझ्या खोलीवरच संपवा किंवा मामीकडे द्या. भाकरवडी, चिवडा, दशम्यांना अडचण नाही, दशम्या मात्र दुधात भिजवलेल्या नकोत. लोणचं गाडीत न्यायला हरकत नाही, युरोस्टारमध्ये शंभर मिलिलिटरची अट नाही. पण तीच बरणी पॅरिसहून मुंबईला परत न्यायची झाली तर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. आणि तुला पॅरिसहून चीज आणायचा मोह होईल. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातलं मांस आणि दुग्धजन्य पदार्थ बंद केले आहेत. चीज तिथेच खाऊन घे.

विमानाने कुठे गेलात आणि उशीर झाला, तर हक्क माहीत असू दे. युरोपीय संघातून सुटणाऱ्या विमानाला तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर पंधराशे किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी अडीचशे युरो भरपाई मिळते. ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानाला याच नियमाने २२० पौंड. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाकं जमिनीला टेकतात ती नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४ साली ठरवून दिलं आहे की विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरू देतात तो क्षण धरायचा. तेव्हा उशीर झालेल्या विमानात दार उघडताना घड्याळाचा फोटो काढून ठेव. हवामान खराब असलं किंवा हवाई नियंत्रकांचा संप असला तर भरपाई नाही, पण जेवण आणि लागलं तर रात्रीचं हॉटेल कंपनीला द्यावंच लागतं. फ्रान्समध्ये असे संप होत असतात, आणि त्याचा फटका नुसत्या वरून जाणाऱ्या विमानांनाही बसतो.

ताईसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची मागवायला लाजू नका. युरोपात ती विनामूल्य असते, फक्त ४८ तास आधी कळवायचं. शार्ल द गोलला मुंबईच्या विमानासाठी तर नक्कीच मागव. तिथे टर्मिनल २ ए, बी, सी अशा अक्षरांच्या अनेक भागांत पसरलेलं आहे, त्यामुळे तिकिटावर टर्मिनलचं अक्षर बघितल्याशिवाय टॅक्सीत बसू नका. खुर्ची असली की पासपोर्टच्या रांगेतही सोबतच्या माणसासकट बाजूने नेतात. त्यांना तीन तास आधी पोहोचव आणि त्यांनी आत गेल्याचा फोन केल्याशिवाय तिथून हलू नकोस.

त्यानंतर तू एकटी परतशील. निघण्याच्या आठवडाभर आधी तुझ्या ई-व्हिसाच्या खात्याला सध्याचाच पासपोर्ट जोडलेला आहे ना, ते तपासून घे, कारण ब्रिटनचे अधिकारी गार द्यू नॉरलाच बघतात. युरोस्टारचं दालन तिथे वरच्या मजल्यावर आहे आणि रविवारी संध्याकाळी तिथे फार गर्दी असते, तेव्हा जमल्यास सोमवारचं तिकीट काढ. संध्याकाळी सातला निघालीस तर लंडनच्या घड्याळात साडेआठच्या आत सेंट पँक्रस. तिथूनच मेट्रोपॉलिटन लाइन हॅरोला येते, पंचवीस मिनिटांत. त्या रात्री खोलीवर जाऊ नकोस, आमच्याकडे ये. तिकिटं काढायच्या आधी मला वेळा पाठव, मी एकदा नजरेखालून घालतो.

तुझा
मामा